बुलेट लडाखला पोचली कशी?

जून लागला की मनालीच्या पेट्रोल पंपांवर मराठी ऐकू यायला लागतं. एमएच-१२, एमएच-१४, मध्येच एखादी कोल्हापूरची एमएच-०९. यातल्या कित्येक गाड्या रेल्वेच्या पार्सल डब्यातून, टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून दिल्ली-चंदीगडपर्यंत आलेल्या असतात. बाकीच्या राजस्थानची धूळ खात चाकांवर. गुडघ्यांना गार्ड, मागच्या सीटवर ताडपत्रीत आवळलेली बॅग, बाजूला पेट्रोलचा कॅन. लाहौलात उतरलं की तांदीचा पंप येतो. पुढचं पेट्रोल ३६५ किलोमीटरवर, असं सांगणारा तिथला फलक वर्षानुवर्षं प्रसिद्ध आहे, आणि त्याच्याखाली उभं राहून फोटो काढल्याशिवाय कुणी पुढं सरकत नाही.

या सगळ्याला आता असं काही विधीचं रूप आलंय की ही यात्रा फार जुनी असावी असं वाटतं. तिचं वय जेमतेम पस्तीस वर्षं. आणि दुसरी गंमत अशी, की नोकरी, साहेब, ट्रॅफिक, सगळ्या व्यवस्थेपासून लांब जायचं म्हणून निघालेला हा गडी ज्या गाडीवर बसतो ती भारतात रुजली लष्करामुळं, ज्या वाटेनं जातो ती फोडली लष्करी रसदीसाठी, आणि ज्या जेरी कॅनमधून पेट्रोल ओततो त्याचा मूळ नमुना १९३० च्या दशकातल्या जर्मन सैन्यानं करवून घेतलेला. वंशावळ काढायला बसलं, की जवळजवळ प्रत्येक फांदी कुठल्या ना कुठल्या छावणीत जाऊन पोचते.

जवळजवळ म्हटलं, कारण मूळ वाट लष्कराची नव्हे. कुल्लूहून रोहतांग, लाहौल, बारालाचा ओलांडून लेहला आणि तिथून खारदुंग, सासेर, काराकोरम अशा खिंडी चढत यारकंदला जाणारा हा व्यापारी मार्ग शतकानुशतकं वाहता होता. पश्मिना लोकर, चहा, अफू, कापड यांची ने-आण घोडी, याक आणि दोन मदारींच्या उंटांवर होई. त्या उंटांचे वंशज आजही नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत पर्यटकांना फिरवतात. लाहौलात पात्सेओला उन्हाळी बाजार भरायचा. तिबेट-लडाखकडचे लोक शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर छोट्या पिशव्यांतून मीठ आणि टाकणखार आणायचे, तिथंच लोकर कातरून द्यायचे आणि त्याच पिशव्या धान्यानं भरून परत न्यायचे. १८७० मध्ये इंग्रज सरकार आणि जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंग यांच्यात करार झाला आणि लाहौलच्या हद्दीपासून यारकंदकडं जाणाऱ्या वाटेवर देखरेखीला दोन्ही बाजूंचे आयुक्त नेमले गेले. पण वाट राहिली खुरांचीच. चाक नावाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

चाकाची गोष्ट सुरू होते तिथून फार लांब, इंग्लंडमधल्या रेडिच गावात. हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध. जॉर्ज टाउनसेंड नावाच्या सुया बनवणाऱ्याचा धंदा १८५१ चा. पुढं त्यात सायकली आल्या, मालक बदलले, आणि मिडलसेक्समधल्या एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचं काम मिळालं. त्या कंत्राटाचा अभिमान एवढा, की गाडीचं नाव एनफिल्ड, बोधचिन्ह तोफ, आणि ‘बंदुकीसारखी घडवलेली’ हे घोषवाक्य. पहिली मोटारसायकल १९०१ ची. ‘बुलेट’ हे नाव आलं तीसच्या दशकाच्या सुरुवातीला. नावापासूनच दारूगोळ्याचा वास.

आपण आज ज्या गाडीला बुलेट म्हणतो ती मात्र महायुद्धानंतरची, आणि ती जन्मली चिखलात. इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये तेव्हा ‘ट्रायल’ नावाचा खेळ जोरात होता. यात वेगाला किंमत नाही. दगडधोंडे, ओढे, निसरडे चढ यांतून गाडी काढायची आणि पाय जमिनीला टेकला की गुण जायचे. फोर्ट विल्यमच्या आसपासच्या डोंगरांत होणारी सहा दिवसांची स्कॉटिश ट्रायल १९०९ पासूनची. या खेळातल्या जुन्या खोडांचं ठाम मत होतं, की मागचं चाक चौकटीला घट्ट जखडलेलंच हवं. स्प्रिंगवर हलणारं चाक पकड सोडणार. १९४८ मध्ये एनफिल्डनं मागं झुलता दांडा आणि शॉकअॅब्सॉर्बर लावलेली ३५० सीसीची नवी बुलेट ट्रायलमध्ये उतरवली तेव्हा बऱ्याच भुवया उंचावल्या. त्याच वर्षी इटलीत सान रेमोला आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल झाली. जिंकणाऱ्या ब्रिटिश संघात दोन बुलेट होत्या आणि दोन्ही स्वारांना सुवर्णपदकं मिळाली. पुढं जॉनी ब्रिटननं १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश ट्रायल बुलेटवर जिंकली. पाटलाच्या वाड्यासमोर किंवा फौजदाराच्या बुडाखाली दिसणारी, रुबाबासाठी ओळखली जाणारी ही गाडी मुळात दगडातून वाट काढणारी खेळाडू होती, हे आपल्याकडं फारसं कुणाच्या ध्यानात नसतं.

भारतीय सैन्याच्या मात्र ते ध्यानात आलं. फाळणीनंतर लांबच लांब सीमा अंगावर आली होती आणि गस्तीला, निरोप पोचवायला काटक गाडी हवी होती. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रास मोटर्समार्फत शेकडो बुलेट रेडिचहून मागवल्या गेल्या. मागणी वाढली तशी १९५५ मध्ये एनफिल्ड इंडिया ही कंपनी निघाली आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभा राहिला. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू सगळंच इथं.

मग जे झालं त्याला नशीबच म्हणायला हवं. रेडिचचा कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, १९७० पर्यंत ब्रिटिश एनफिल्ड संपलीच. जपानी गाड्यांनी जगभर त्या पिढीच्या मोटारसायकली गिळल्या. मद्रासची शाखा तेवढी जगली, कारण तिच्याभोवती परवाना-राजची भिंत होती. बाहेरच्या गाड्यांना आयातबंदी. स्पर्धेत म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. बदलायची गरज नव्हती म्हणून कुणी बदललं नाही. ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा तो एकच सिलिंडर, इंजिनापासून वेगळा गिअरबॉक्स, उजव्या पायाचा गिअर, कॉन्टॅक्ट पॉइंट आणि हेडलाइटच्या आवरणावर थरथरणारा अॅमीटर, हे सगळं थोड्याफार फरकानं पन्नास वर्षं चाललं. अर्थतज्ज्ञ याला साचलेपण म्हणतील आणि ते खोटं नाही: ऑइल गळायचं, किक उलटली की नडगी फुटायची. पण याच साचलेपणामुळं देशाच्या कुठल्याही तालुक्यात बुलेट उघडणारा मिस्त्री मिळायला लागला. आजोबांच्या गाडीचा क्लच केबल नातवाच्या गाडीला बसायचा. पुढं हिमालयात हाच गुण सगळ्यांत कामी आला.

आता रस्ता. काश्मीरवरून पाकिस्तानशी झालेल्या १९४८ च्या लढाईत लेहचा जगाशी संबंध जवळपास तुटला होता. मेजर पृथीचंद आणि त्यांच्यासारखे लाहौलचे काही जवान भर हिवाळ्यात झोजी ला ओलांडून पायी लेहला पोचले. सोनम नोरबू या लडाखी अभियंत्यानं घाईनं धावपट्टी तयार करून घेतली आणि २४ मे रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी बसवून तिथं डाकोटा उतरवलं. त्याच उन्हाळ्यात गुरख्यांची तुकडी मनालीहून बारालाचामार्गे, त्या जुन्या व्यापारी वाटेनं, चालत लेहला गेली. १ नोव्हेंबरला थिमय्यांनी झोजी लावर स्टुअर्ट रणगाडे चढवले. मद्रास सॅपर्सनी खेचरांची पायवाट रुंद करून ठेवली होती. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. लडाखच्या दारात इंजिनाचा आवाज घुमला तो असा.

त्यानंतरचा इतिहास सनावळीसारखा आहे, पण ती सनावळी लढायांची आहे. चीनशी तणाव वाढला तशी १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली आणि तिच्या ‘बीकन’ प्रकल्पानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला श्रीनगरहून ट्रक लेहला पोचवले. १९८४ मध्ये सियाचिनची मोहीम सुरू झाली. तिथली रसद खारदुंग लावरूनच जाणार, म्हणून तो रस्ता मजबूत झाला आणि १९८८ मध्ये सर्वसाधारण वाहनांना खुला झाला. लडाखमधली कामं बघायला ‘हिमांक’ प्रकल्प १९८५ मध्ये निघाला. १९९९ च्या कारगिल युद्धात श्रीनगर-लेह रस्त्यावर समोरच्या शिखरांवरून तोफगोळे पडले आणि दुसरी-तिसरी वाट हवी हे दिल्लीला नव्यानं पटलं. पुढल्याच वर्षी वाजपेयींनी रोहतांगच्या बोगद्याची घोषणा केली. प्रत्येक चकमकीनं मोटारसायकलवाल्याला एक रस्ता दिलाय, हे कितीही विचित्र वाटलं तरी खरं आहे.

इथं पुणेकरांसाठी एक गोष्ट नोंदवायलाच हवी. हे रस्ते बांधणाऱ्या ग्रेफचं, म्हणजे सीमा सडक संघटनेच्या मुख्य मनुष्यबळाचं, प्रशिक्षण आणि नोंदणी केंद्र दिघीला आहे. मनालीकडं निघालेला पिंपरीचा मुलगा ज्या कॅम्पाच्या भिंतीवरून रोज ऑफिसला जातो, तिथूनच त्याचा रस्ता सुरू झालेला असतो.

लडाख पर्यटकांना खुलं झालं १९७४ मध्ये, पण तेव्हा जायचं ते श्रीनगरहून, बसनं. मनाली-लेह रस्ता नागरी वाहतुकीला मोकळा झाला १९८९ मध्ये, आणि नेमकं त्याच सुमारास काश्मीर पेटलं. श्रीनगरचा मार्ग पर्यटकांना नकोसा झाला, तशी सगळी गर्दी मनालीकडं वळली. साधारण ४८० किलोमीटरची ती वाट: रोहतांग, ४,८९० मीटरचा बारालाचा, सारचूचं पठार, गाटा लूप्सची २१ वळणं, लाचुलुंग, पांग, मोरेचं अफाट सपाट मैदान आणि ५,३२८ मीटरचा तांगलांग ला. डांबर अधूनमधून, बाकी खडी, रेती आणि बर्फाचं पाणी. रेडिचच्या त्या गाडीला चाळीस वर्षांनी आपलं मूळ मैदान सापडलं.

या वाटेनं बुलेटवरून गेलेले पहिले बरेचसे परदेशी होते. दिल्लीला करोल बागेत जुनी बुलेट विकत किंवा भाड्यानं घ्यायची, कॅरिअर वेल्ड करून घ्यायचं आणि उत्तरेकडं सुटायचं. नव्वदच्या दशकात करोल बागेच्या गल्ल्यांत त्यांच्यावर जगणारे मिस्त्री तयार झाले. भारतीय पोरं मागून आली. १९९७ मध्ये चाळीस एनफिल्डवाले खारदुंग लापर्यंत गेले. हिमालयातल्या लांब पल्ल्याच्या सफरींची प्रथा त्यातून पडली, असं कंपनी सांगते. कंपनीला पाया रचल्याचं श्रेय हवंच असतं, पण त्याआधीही सुटे-सुटे लोक जात होतेच. १९९४ मध्ये नुब्रा, पांगोंग आणि त्सो मोरीरीचे भाग पर्यटकांना खुले झाले होते, त्यामुळं लेहच्या पुढंही जाण्यासारखं काही उरलं होतं.

त्या काळातली सफर कशी होती हे कळायला कार्ब्युरेटर समजून घ्यायला हवा. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. कार्ब्युरेटरला याचा पत्ता नसतो. तो ठरलेल्या भोकातून ठरलेलं पेट्रोल सोडत राहतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, मग प्लग काळा पडतो, सायलेन्सर धूर ओकतो आणि मुळात अठरा हॉर्सपॉवरची गाडी नऊ-दहावर येते. मागं माणूस आणि सामान असेल तर चढावर पहिल्या गिअरमध्ये क्लच जळल्याचा वास. उपाय एकेक करून लोक शिकले. ते भोक, म्हणजे मेन जेट, एक-दोन नंबर लहान लावायचा. एअर फिल्टर काढून टाकायचा, आणि त्याबदल्यात सिलिंडरात रेती जाऊ द्यायची. नाल्याचं गणित वेगळं: बर्फ वितळतं उन्हानं, म्हणून सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारनंतर मांडीला लागतं. पहाटे निघणारा कोरडा राहतो. उशिरा उठणारा बूट पिळत बसतो. ‘पागल नाला’ नावाचे ओढे या मुलखात एकाहून जास्त आहेत. त्यांना हे नाव ट्रकवाल्यांनी दिलं की रस्ता करणाऱ्यांनी कोण जाणे, पण अतिशयोक्ती कुणीच केलेली नाही.

आणि माणसाचाही कार्ब्युरेटर असतोच. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही उंचीची लक्षणं, आणि त्यावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. सारचूचा मुक्काम यासाठी बदनाम आहे, कारण मनालीहून थेट आलेला माणूस एका दिवसात तिथं ४,२०० मीटरच्या वर झोपायला जातो. व्यापारी तांडे दिवसाला एक पडाव करत चढायचे. त्यांना हा त्रास गाडीवाल्याइतका का होत नसे हे वेगळं सांगायला नको.

२००९ नंतर सगळं झपाट्यानं बदललं. ‘थ्री इडियट्स’नं पांगोंग सरोवर घराघरात पोचवलं, २०१२ च्या ‘जब तक है जान’मध्ये शाहरुख खान बुलेटवरून लडाखात फिरला. त्याच सुमारास जुनं लोखंडी इंजिन बंद होऊन नवं एकसंध इंजिन आलं, उजव्या पायाचा गिअर इतिहासजमा झाला, आणि शहरातल्या पगारदार तरुणाला बुलेट हप्त्यावर परवडू लागली. २०११ मध्ये पुण्यातून ‘बायकर्नी’ ही स्त्रियांची मोटारसायकल संघटना निघाली आणि त्याच वर्षी तिच्या सदस्या खारदुंग लावर पोचल्या. तोवर या साऱ्या गोष्टीत बाई बहुतेक मागच्या सीटवरच होती. मला तरी या वंशावळीतला हा फाटा चाळीस एनफिल्डवाल्यांच्या मोहिमेहून मोठा वाटतो.

गाड्या बनवणाऱ्यांना उशिरा जाग आली. हिरोनं २०११ मध्ये १५० सीसीची ‘इम्पल्स’ काढली, उंच, हलकी, खास कच्च्या रस्त्याची. ती खपली नाही आणि गुंडाळली गेली. गाडी चुकीची नव्हती, वेळ चुकली. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची ‘हिमालयन’ आली: ४११ सीसी, पुढचं चाक २१ इंची, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा, आणि टाकीच्या बाजूच्या दांड्यांना जेरी कॅन लटकवायची सोय. पहिल्या गाड्यांनी मालकांना छळलं, पण कल्पना बरोबर होती. पुढच्या वर्षी फ्युएल इंजेक्शन आलं आणि जेट बदलायची विद्या एका फटक्यात निकालात निघाली, कारण आता हवेचा दाब संगणक मोजतो. २०२० मध्ये चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनणारी केटीएमची ३९० अॅडव्हेंचर या बाजारात उतरली, २०२३ मध्ये पाण्यानं थंड होणारी ४५२ सीसीची हिमालयन. दोघींचं जोर काढण्याचं तंत्र जुन्या बुलेटच्या धक-धक स्वभावापेक्षा अगदी निराळं. करोल बागेतल्या जुन्या हातांना यांच्या वायरिंगमध्ये हात घालायची सोय नाही. यांतली एखादी पांगला बंद पडली, तर ट्रकमध्ये चढवून लेह.

इकडं रस्ताही थांबलेला नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९ किलोमीटरचा अटल बोगदा उघडला आणि रोहतांगचा चिखल, ज्यात एकेकाळी अर्धा दिवस जायचा, ऐच्छिक झाला. मोरेच्या मैदानात आता काळं कुळकुळीत डांबर आहे. खडतर वाटेची हौस असलेल्यांनी मग ग्रांफू ते बातल धरलं, चंद्रा नदीच्या काठानं स्पितीला जाणारा तो दगडांचा पट्टा. आता तिथंही रुंदीकरणाची यंत्रं आली आहेत. उंचीच्या शर्यतीतही तेच. खारदुंग लावरच्या १८,३८० फुटांच्या पाटीखाली एका पिढीनं फोटो काढले. नीट मोजल्यावर ती खिंड १७,५८२ फुटांची निघाली. तोवर सीमा सडक संघटनेनं चिसुमले-डेमचोक रस्त्यावर १९,०२४ फुटांचा उमलिंग ला २०१७ मध्ये कापून २०२१ मध्ये डांबरी केला होता. खारदुंगचा मान गेला, आणि बायकरांची रांग तिकडं, चांगथांगच्या पठाराकडं वळली. डेमचोकला रस्ता का हवा होता हे समजायला नकाशावर चीनसोबतची ताबारेषा बघितली की पुरे.

‘रस्ता खराब होता तेव्हाच मजा होती’ ही तक्रार आता दरवर्षी ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. झंस्कारमधल्या पदुमला बाराही महिने वाट मिळावी म्हणून निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा रस्ता मार्च २०२४ मध्ये जोडला गेला, आणि शिंकू लाखालच्या बोगद्याचा पहिला स्फोट त्याच वर्षी २६ जुलैला झाला. हिवाळ्यात आजारी माणसाला गोठलेल्या नदीवरून चालत न्यावं लागलेल्या झंस्कारी कुटुंबाला डांबराबद्दल विचारून बघावं. तिथं रस्ता अजून कच्चा आहे तो कुणाच्या मौजेसाठी ठेवलेला नाही.

हे डांबर टाकतं कोण, हेही विचारायला हवं. झारखंडच्या दुमका भागातून पिढ्यान्‌पिढ्या मजूर उन्हाळ्यात लडाखला येतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर त्यांना परत कामावर न्यायला खास रेल्वेगाड्या सोडाव्या लागल्या, तेव्हा कुठं बातम्यांत त्यांचं नाव आलं. डोळे सोडून सगळा चेहरा फडक्यात गुंडाळलेला, पायात गमबूट, डांबराच्या पिंपाशेजारी धुरात उभा असलेला तो माणूस बायकरच्या व्हिडिओत दोन सेकंद दिसतो. हेल्मेटवरचा कॅमेरा त्याच्यावरून पुढं जातो. ऑक्सिजन दोघांनाही तेवढाच कमी असतो. एकाला तिथं एक रात्र काढायची असते, दुसऱ्याला अख्खा हंगाम.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘हिमांक’च्या लोकांनी फुकचेकडं जाणारा रस्ता मिग लाच्या १९,४०० फुटांपर्यंत नेल्याचं जाहीर केलं. उमलिंगच्या पाटीखालचे फोटो त्या दिवसापासून जुने झाले.